अपग्रेडनंतर डिस्क का दिसत नाही?

सातव्या-आठव्या सेमिस्टरच्या सुमारास हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : "अरे, विंडोज अपग्रेड केलं आणि डी ड्राइव्हच गेला!" डी ड्राइव्हमध्ये काय असतं हे वेगळं सांगायला नको. प्रोजेक्टचा कोड, महिनाभर खपून गोळा केलेला डेटा, अर्धं लिहून झालेलं ब्लॅक बुक, आणि गाइडना न दाखवण्यासारखंही बरंच काही. मग शेजारच्या खोलीतला 'एक्स्पर्ट' येतो. पुढच्या पाच मिनिटांत तो कुठे क्लिक करतो यावर डेटा राहणार की जाणार हे ठरतं. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी.

असे प्रसंग एवढ्यात वाढले त्याचं कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये हे होतं त्यांनी अपग्रेड केलं, काहींनी ही अट चुकवून केलं, आणि काही जण लिनक्सकडे वळले. तिन्ही गटांत डिस्क 'गायब' होण्याचे किस्से झाले. मजा अशी की त्यातल्या बऱ्याच डिस्क मुळात कुठेही गेलेल्या नसतात.

समजा, विरारहून चर्चगेटला निघालेली लोकल आली नाही. आपण काय विचारतो? गाडी कुठे अडकली, नालासोपाऱ्याला की भाईंदरच्या खाडीपुलावर की बोरिवलीच्या पुढे? "गाडी हरवली" असं कोणी म्हणत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र आपण लगेच तसं म्हणून मोकळे होतो. खरं तर डिस्कचाही एक मार्ग असतो आणि त्यावर स्टेशनं असतात. आधी तिला वीज मिळाली पाहिजे. मग मदरबोर्डवरच्या फर्मवेअरने, म्हणजे बायोसने (आताच्या मशीनवर यूईएफआय), तिला ओळखलं पाहिजे. डिस्क ज्या कंट्रोलरला जोडलेली आहे त्याचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमकडे पाहिजे. त्यानंतर पार्टिशन टेबल वाचता आलं पाहिजे, त्यातली फाइल सिस्टीम कळली पाहिजे, ती कुलूपबंद असेल तर किल्ली पाहिजे, आणि अगदी शेवटी तिला सी, डी, ई असं एखादं अक्षर मिळालं पाहिजे. 'धिस पीसी' उघडल्यावर आपल्याला दिसतं ते फक्त या शेवटच्या स्टेशनवरचं चित्र. तिथे डिस्क नाही याचा अर्थ मधे कुठेतरी ती थांबली आहे, एवढाच.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर पहिली दोन स्टेशनं सहसा बदलत नाहीत. म्हणून पहिली तपासणी विंडोजच्या बाहेर करायची. मशीन चालू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे वेगळं) दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्कचं नाव यादीत आहे का ते बघा. नाव असेल तर डिस्क निदान जिवंत आहे, भांडण पुढे कुठेतरी आहे. नाव नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. मशीन बंद करून केबल किंवा एम.२ची पट्टी काढून पुन्हा नीट बसवायची. अपग्रेडच्याच दिवशी डिस्क गेली म्हणजे अपग्रेडमुळेच गेली असं नसतं. चार वर्षांची थकलेली हार्ड डिस्क अपग्रेडच्या वेळी तासभर सलग वाचली-लिहिली जाते आणि तिथेच मान टाकते, असंही घडतं.

हा आजार काही नवा नाही. आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सना विचारा. विंडोज ९८मध्ये प्रत्येक कंपनीच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळी ड्रायव्हरची सीडी लागायची; विंडोज २०००पासून तो सर्वसाधारण ड्रायव्हर सिस्टीममध्येच आला. २००१ साली आलेल्या मूळ विंडोज एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क कळत नसे, कारण सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता. गणित करून बघा : दोनचा २८वा घात गुणिले ५१२ बाइट. २००२च्या सर्व्हिस पॅक १ने ४८ बिटांचा पत्ता आणला आणि तीच डिस्क पूर्ण दिसू लागली. डिस्क तीच, बदलला तो वाचणारा! पुढे साटा डिस्क एएचसीआय मोडमध्ये चालू लागल्या तेव्हा एक्सपीच्या सीडीला डिस्कच सापडेना. सेटअप सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. २००७ साली फेडोरा ७मध्ये जुन्या आयडीई डिस्कही नव्या ड्रायव्हरकडे गेल्या आणि 'एचडीए' नावाची डिस्क रातोरात 'एसडीए' झाली. ज्यांनी एफएसटॅब फाइलमध्ये जुनं नाव हाताने लिहून ठेवलं होतं त्यांची पार्टिशनं माउंट होईनात. आज आपण तिथे नावाऐवजी यूयूआयडी लिहितो ते याच कारणाने.

त्या एफ६चा पुनर्जन्म म्हणजे इंटेलचं व्हीएमडी. साधारण ११व्या पिढीपासून बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी थेट प्रोसेसरसमोर येत नाही. मधे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस नावाचा पडदा असतो. कंपनीने बसवून दिलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर असतोच, त्यामुळे पडदा आहे हे कोणाला कळतही नाही. पण आपण पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकायला बसलो की सेटअप म्हणतं, एकही ड्राइव्ह सापडला नाही. मुलं घाबरतात. काही जण डिस्क मेली म्हणून थेट ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात.

करायचं एवढंच : दुसऱ्या मशीनवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवायचा, तो उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवायचा. डिस्क लगेच यादीत येते. दुसरा मार्ग बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. कोरं इन्स्टॉलेशन करताना तो चालतो. पण आधीपासून नीट चालणाऱ्या विंडोजखाली हे सेटिंग फिरवलं की पुढच्या बूटला निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. याचं कारणही तेच आहे, विंडोज एका ड्रायव्हरची वाट बघतंय आणि समोर वेगळाच कंट्रोलर उभा आहे. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज पुन्हा उठतं. रेड ते एएचसीआय या बदलाचंही असंच. मात्र दोन डिस्क खरोखर रेडमध्ये जोडलेल्या असतील तर त्या सेटिंगला हातही लावू नका. लॅबमधल्या काही वर्कस्टेशनमध्ये तसं असू शकतं, आधी सरांना विचारा.

आता अपग्रेड झालं आहे, विंडोज चालू होतंय, सी ड्राइव्ह आहे, पण दुसरी डिस्क किंवा डी पार्टिशन नाही, अशी परिस्थिती घेऊ. विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. इथे जे चित्र दिसेल ते नीट वाचायचं, घाई करायची नाही.

पार्टिशन आहे, निळी पट्टी आहे, 'हेल्दी' लिहिलंय, फक्त अक्षर नाही? मग काहीच बिघडलेलं नाही. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', एक अक्षर द्या, झालं. 'ऑफलाइन' लिहिलंय? डाव्या बाजूच्या चौकोनावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा. एका डिस्कची क्लोन करून दोन्ही एकदम जोडल्या तर दोघींची सही सारखी असते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं, हे एसएसडी बदलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच नाही पण बायोसमध्ये आहे? मग ड्रायव्हरचं स्टेशन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स'खाली पिवळं चिन्ह आहे का बघा, आणि विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर पडलाय का तेही बघा.

धोक्याची जागा पुढे आहे. कधी कधी डिस्क मॅनेजमेंट उघडताच एक खिडकी येते : ही डिस्क वापरण्यापूर्वी इनिशियलाइज करा. किंवा एक्स्प्लोरर सांगतं, हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावा लागेल, करू का? विंडोज इतक्या नम्रपणे विचारतं की बोट आपोआप 'ओके'कडे जातं. इथे थांबा! विंडोजला म्हणायचं असतं एवढंच की मला या डिस्कवरचा नकाशा वाचता येत नाही. नकाशा नाही असं त्याला माहीत नसतं. ती लिनक्सची एक्स्ट४ डिस्क असेल, मॅकची असेल, कुलूपबंद असेल, किंवा केबल सैल असल्यामुळे पहिले सेक्टर नीट वाचले गेले नसतील. 'रॉ' असं लिहून येतं त्याचा अर्थही 'ओळखता आली नाही' इतकाच.

इनिशियलाइज केलं की जुन्या पार्टिशन टेबलच्या जागी नवं, रिकामं टेबल लिहिलं जातं. आतल्या फाइली तेव्हाही असतात, पण त्यांचा पत्ता गेलेला असतो. टेस्टडिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर बऱ्याचदा जुनी पार्टिशनं शोधून देतं. फॉर्मॅटचं प्रकरण त्याहून वाईट, आणि एसएसडीवर तर फारच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉर्मॅट केलं तरी मूळ डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो, म्हणून 'रिकव्हरी होते रे' असं सीनियर लोक बिनधास्त सांगतात. त्यांचा अनुभव हार्ड डिस्कचा आहे. एसएसडीवर फॉर्मॅट करताना विंडोज ट्रिम नावाची आज्ञा पाठवतं : हे सगळे ब्लॉक आता रिकामे समज. एसएसडीचा कंट्रोलर ते ब्लॉक सवडीने खरोखरच पुसून टाकतो. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, वाचल्यावर शून्यं येतात. तेव्हा एसएसडीवर चुकून फॉर्मॅट झालंच तर ताबडतोब मशीन बंद करणं एवढंच हातात असतं, आणि तेही पुरेल याची खात्री नाही.

कुलूपबंद डिस्कचा प्रकार आपल्या पिढीचा. ऑक्टोबर २०२४मध्ये विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आली. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरून ती कोरी टाकली तर पात्र मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, अगदी होम आवृत्तीतही. चोरीच्या दृष्टीने हे चांगलं आहे. अडचण अशी की बऱ्याच जणांना आपली डिस्क एन्क्रिप्ट झालीये हेच माहीत नसतं. मग कोणी बायोस अपडेट करतो किंवा सिक्युअर बूट बंद करतो, टीपीएमला परिस्थिती अनोळखी वाटते, आणि स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती डिस्क काढून मित्राच्या मशीनला जोडली तरी कुलूप दिसतं, लिनक्सने उघडली तर नुसता कचरा. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जमा असते. दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून मिळते. आता ते अकाउंट पहिल्या वर्षी लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलवर उघडून दिलं असेल तर? अशा वेळी बिटलॉकरसमोर डोकं आपटून उपयोग नाही, त्याला मागचं दार नाही. आज रात्रीच सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, आणि असेल तर की वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नको, कृपा करून.

बाहेरच्या डिस्कचं थोडक्यात. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. फिरती पोर्टेबल हार्ड डिस्क सुरू होताना जास्त ओढते. टिकटिक आवाज येऊन ती गप्प बसत असेल तर विंडोजला दोष देण्याआधी डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावून बघा. वसईच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या केबलीवर माझा तरी फारसा विश्वास नाही.

ड्युअल बूटवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची डिस्क दिसते, लिनक्स दिसत नाही. विंडोजच्या मोठ्या अपग्रेडने बूटचा क्रम बदलला असेल तर बायोसमधून उबुंटू पुन्हा वर आणायचं, काम संपलं. पण ऑगस्ट २०२४च्या सुरक्षा अपडेटने खरोखरच घोळ घातला होता. सिक्युअर बूटमधले जुने बूटलोडर रोखण्यासाठी आणलेला नियम ड्युअल बूट मशीनवरही लागू झाला आणि अनेकांचं लिनक्स 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं सांगून थांबू लागलं. फाइली सगळ्या जागेवर होत्या, फाटक तेवढं बंद. उलट दिशेचा त्रासही आहे : विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतरही एनटीएफएस पार्टिशन अर्धवट झोपेत राहतं, आणि लिनक्स ते उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचायला देतं. अपग्रेडनंतर हे सेटिंग पुन्हा चालू झालंय का ते बघावं.

आता दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न. यावर दोन ताजी उदाहरणं बोलकी आहेत. २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या मालिकांतल्या २ टीबी एसएसडीवाल्या मशीन निळ्या पडद्याने कोसळू लागल्या. या एसएसडीवर स्वतःची डीरॅम नसते, त्या मशीनच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेतात. आधीचं विंडोज ६४ एमबी देत होतं. २४एच२ने मागितली तेवढी, म्हणजे २०० एमबी दिली, आणि एसएसडीच्या फर्मवेअरमधली चूक उघडी पडली. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं, प्रश्न मिटला. म्हणजे अपग्रेडने निमित्त दिलं, चूक दुसरीकडे होती.

दुसरं उदाहरण त्याहून गुंतागुंतीचं. १२ ऑगस्ट २०२५च्या विंडोज ११ अपडेटनंतर, क्रमांक केबी ५०६३८७८, जपानमधल्या एका वापरकर्त्याने दाखवलं की बऱ्यापैकी भरलेल्या एसएसडीवर सलग पन्नासेक जीबी लिहिताना ड्राइव्ह सिस्टीममधून नाहीसा होतो. जगभर बातमी पसरली, फायसन कंपनीच्या कंट्रोलरवर बोट ठेवलं गेलं. फायसनने ४,५०० तासांहून अधिक आणि २,२०० चक्रं चाचणी केल्याचं सांगितलं, त्यांना एकदाही तो दोष दिसला नाही. मायक्रोसॉफ्टनेही अपडेटशी संबंध आढळला नाही असं जाहीर केलं. पुढे असं समोर आलं की बंद पडलेल्या काही ड्राइव्हवर विक्रीआधीचं, चाचणीसाठीचं फर्मवेअर होतं. तोपर्यंत कितीतरी लोकांनी अपडेट काढून टाकलं होतं. आपल्या लॅब जर्नलमध्ये 'ऑब्झर्व्हेशन' आणि 'कन्क्लूजन' असे दोन वेगळे रकाने का असतात, हे इथे कळतं.

अपग्रेड करायच्या आधी मी चार गोष्टी मागतो, मशीन कोणाचंही असो. प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क अपग्रेड चालू असताना मशीनला जोडलेली नको. रिकव्हरी की कागदावर. स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर. आणि लॅपटॉप चार्जिंगला. डेस्कटॉप असेल तर यूपीएस, कारण जूननंतर लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो. अपग्रेड झाल्यावर काही बिनसलं तर सेटिंग्जमधलं 'गो बॅक' दहा दिवस चालतं, तेवढ्यात निर्णय घ्यायचा. 'विंडोज.ओल्ड' फोल्डर जागा खातो म्हणून दुसऱ्याच दिवशी उडवला की हा रस्ता बंद.

आणि हे सगळं करूनही डिस्क दिसलीच नाही, तर शेवटची कसोटी म्हणजे लाइव्ह लिनक्सचा पेन ड्राइव्ह. उबुंटू इन्स्टॉल न करता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालू करा, टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' द्या. यादीत डिस्क आली आणि पार्टिशनं उघडली तर भांडण विंडोजशी आहे. फाइली तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मग निवांत विंडोजकडे बघा. 'डीमेसेज'मध्ये त्याच डिस्कच्या नावाने आय-ओ एररच्या ओळींमागून ओळी येत असतील तर डिस्क आजारी आहे. तिच्यावर चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटतं आणि थकलेल्या डिस्कला आणखी पळवतं. आधी डीडी-रेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत काढायची, पुढचे प्रयोग प्रतीवर. तिथेही डिस्क आली नाही, बायोसमध्येही नाही, आणि डेटा खरंच मोलाचा आहे, तर मशीन बंद ठेवून रिकव्हरीवाल्याकडे न्या. देताना त्याला दोनच प्रश्न विचारा : मूळ डिस्कवर काही लिहिणार का, आणि डेटा मिळाला नाही तर पैसे किती. पहिल्या प्रश्नाला 'लिहावं लागेल' असं उत्तर आलं तर डिस्क उचला आणि पुढच्या दुकानात जा.